दुबई पाहून आलेला कडबा

भारताच्या परदेशी व्यापाराच्या इतिहासात बोरकुंडी गावाचं नाव कायमचं लिहिलं जाणार आहे, असं लीलाधर शेठ मारुतीच्या पारावर उभं राहून म्हणाले. त्याच वेळी पाराखाली बांधलेल्या म्हशीने शेपूट वर केलं, आणि पुढे बसलेल्या मंडळींना इतिहास सोडून घाईने मागे सरकावं लागलं. नाव मात्र खरंच लिहिलं गेलं. पत्र्याच्या तुकड्यावर, निळ्या तेलरंगाने. आणि ते पुढे इतक्या लोकांनी वाचलं की कोणाचं वाचायचं राहिलं नाही.

शेठची नरडाण्याला स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंग होती. कापसाचा हंगाम उलगला की प्रेस बंद पडायची आणि शेठचा जीव कासावीस व्हायचा. त्या साली, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, त्यांना मुंबईतून कळलं की अरबांच्या मुलखात मोठमोठे गोठे आहेत, तिथे गवताची काडी उगवत नाही, आणि तिथली गुरं जहाजातून आलेला चारा खातात. शेठनी आधी धुळ्याच्या मिलमधला गव्हाचा कोंडा पोत्यांनी पाठवून पाहिला. तो तिकडे आवडला. आता त्यांना दादरचा कडबा हवा होता. प्रेसमध्ये कापसासारख्या त्याच्या गाठी बांधायच्या आणि पाठवायच्या.

दादर म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी. तिचं ताट, म्हणजे धांडा, उसासारखं गोड. बोरकुंडीचा माणूस स्वतः शिळी भाकर खाईल, पण बैलाला दादरच घालेल. तो कडबा विकायचा, तोही समुद्रापार, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. निंबा नावाच्या शेतकऱ्याने, ज्याला प्रत्येक सभेत एक प्रश्न विचारल्याशिवाय जेवण जात नसे, उंटाला वरचे दात असतात का म्हणून विचारलं. शेठ म्हणाले की गाईसुद्धा आहेत. मग निंबाने गाईंची जात विचारली. शेठनी पाणी मागितलं.

तेव्हा अभिमन नाना उठले. नानांचं वय साठीचं, पंचांच्या निवाड्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना पंच कोणी नेमलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांच्या नंतर बोलायचे. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "शेठ, बठ्ठा गावना कडबा ल्या. माल कसा शे, त्यानी हमी मी देस."

सगळ्या गावाच्या मालाची हमी नानांनी घेतली आणि सभा तिथे संपली. हमी म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही. नानांनीही नाही.

एक गोष्ट नवी होती, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्याकडे कडबा शेकड्यावर विकला जातो. शंभर पेंढ्या मोजल्या, गाडी भरली, झालं. शेठ पडले कापसाचे व्यापारी. ते म्हणाले, मी वजनावर घेईन, काट्यावर.

आता वजन आणि काटा म्हटलं की आमच्या माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो. यात वाईट काही नाही. कापूस विकायला नेताना गाडीवर थोडं पाणी मारायचं, ही वाडवडिलांची रीत. व्यापाऱ्याने कापसात हात घालायचा, ओल पाहायची आणि क्विंटलमागे ठरलेला कडता, म्हणजे ओलीपोटी वजनातली सूट, कापायचा, ही त्याची रीत. पाणी मारलं नाही तरी कडता कापला जातोच, म्हणून न मारणारा माणूस मूर्ख ठरतो. दोन्ही बाजू प्रामाणिक. इतकी वर्षं हा व्यवहार चालू होता आणि कोणी कोणाला चोर म्हटलं नव्हतं.

फक्त कडबा म्हणजे कापूस नव्हे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि दुबईच्या माणसाला कडता माहीत नव्हता.

नानांची आंडेर, म्हणजे लेक, धुळ्याच्या वाटेवर सोनगीरला दिलेली; घरी चार माणसं. नाना, त्यांच्या घरच्या द्रौपदाबाई, मुलगा वना आणि वर्षापूर्वी पिंपळनेरकडून आलेली सून मंदाबाई. कडबा खळ्यातून काढायला त्यांना आठवडा गेला. चैत्राचं ऊन. सकाळी दहालाच वारा बंद व्हायचा आणि जमीन तव्यासारखी तापायची. वना गंजीवर चढून पेंढ्या खाली फेकायचा. मंदाबाई त्या झेलून गाडीपाशी नेऊन टाकायची. पातीच्या कडेने तिच्या कोपरापर्यंत ओरखडे उठले होते, त्यांत घाम शिरला की ती हात झटकायची, पण डोक्यावरचा पदर खाली पडू द्यायची नाही. कडब्याची धूळ नाकात, कानात, पोलक्यात. अंगाची खाज थांबत नव्हती. द्रौपदाबाई पाचट निवडून बाजूला करत. नाना बाजेवर बसून प्रत्येक पेंढीला नावं ठेवत.

पाण्याची ओढ होती. गावची विहीर तळाला गेलेली, आणि मंदाबाई नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायची. वाटीने हांडा भरायचा, वाळू खाली बसू द्यायची, मग डोक्यावर घेऊन चढ चढायचा. पाहुण्याला त्या दिवसांत अर्धा तांब्या मिळायचा आणि तो उरलेलं घोटभर परत द्यायचा.

गाड्या सकाळी नरडाण्याला जायच्या होत्या. त्या आदल्या दिवशी भरून खळ्यात उभ्या केल्या. दिवस मावळायला आला. वना बैलांना पाणी दाखवायला गेला आणि द्रौपदाबाई चुलीपाशी होत्या, तेव्हा नाना खळ्यात आले. मंदाबाई झाडत होती. नाना तिच्याकडे न बघता, गाडीच्या चाकाकडे बघत बोलले, सुनेशी बोलायची तीच पद्धत. "एक हांडा आठे ठी दे. आनि घरमा कोनले सांगजो नको."

तिने हांडा आणून ठेवला. नानांनी तांब्याने पाणी घेऊन गाड्यांवर शिंपडलं. हात देवाला पाणी घालताना फिरतो तसाच फिरला. मग ते हात पुसून भजनाला गेले.

जेवणं झाली. द्रौपदाबाईंनी भांडी आवरली आणि सुनेला ओट्यावर बोलावलं. नवरा हमी देऊन बसला आहे, तो भोळा, तो काही करायचा नाही, आणि काट्यावर आपलाच माल हलका भरला तर गाव हसेल, असं त्यांना दिवसभर वाटत होतं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "एक हांडा आन वं. त्यास्ले मालूम पडू देजो नको. त्या साधा मानूस शेतस."

मंदाबाईने खळ्यातल्या गाड्यांकडे एकदा पाहिलं. मग हांडा उचलला.

तांबडं फुटलं. वना बैल जुंपायला आला. त्याने गाड्यांखाली ओल पाहिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण त्याचे डोळे अजून उघडायचे होते. त्याने बायकोला हळूच सांगितलं की बापाच्या माथी हमी आहे, म्हणून पाणी आपल्यालाच मारावं लागणार. "नानाले सांगजो नको. तो भलता सच्चा शे."

मंदाबाईच्या ओठांवर शब्द आला होता. पण एक सासऱ्याने सांगितलं होतं, कोणाला सांगू नको. दुसरं सासूने सांगितलं होतं, नानांना कळू देऊ नको. आता नवरा तेच सांगत होता. तिघांचंही ऐकायचं तर एकच रस्ता होता. तिने हांडा भरून आणला. झिऱ्याचं पाणी त्या सकाळी गढूळ यायला लागलं होतं.

नरडाण्याच्या काट्यावर नानांच्या गाड्या गावात सगळ्यांत जड भरल्या. शेठनी पेंढ्यांत कोपरापर्यंत हात घातला, काढला, धोतराला पुसला आणि काही न बोलता कडता कापायला सांगितलं. नानांना तो कडता जरा जास्त वाटला. पण वाद घालावा असं त्यांच्या मनाला पटलं नाही. कारण त्यांना माहीत होतं. द्रौपदाबाईंनाही घरी ऐकून कडता जास्त वाटला, आणि त्यांनाही वाद घालावासा वाटला नाही.

प्रेसमध्ये कडब्याच्या गाठी झाल्या. वीट असावी तशा घट्ट, तारेने आवळलेल्या. माल जहाजात चढवणाऱ्या मुंबईच्या कंपनीने सांगितलं होतं की प्रत्येक गाठीवर शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव हवं, माल चांगला निघाला तर पुढच्या वर्षी त्याच माणसाकडून घेता येईल. गाठीला बांधलेल्या पत्र्यावर निळ्या रंगात नाव पडलं: अभिमन, बोरकुंडी. नानांनी ते पुसून पाहिलं. रंग पक्का होता.

मग नानांचे चांगले दिवस आले. वैशाखात लग्नसराई होती. मांडवात नानांना पुढे बसवलं जाई आणि कोणीतरी मुद्दाम विचारी, कडबा पोचला का? नाना सांगत की आता तो समुद्रात असेल. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण तो तापीच्या पुरासारखाच, जरा रुंद, असं ते सांगत. हातात सुपारी घेऊन ते दुबईच्या गाईंबद्दल बोलायचे. त्या गाईंना पंख्याखाली ठेवतात. त्यांना आता दादरची चव लागली की दुसऱ्या चाऱ्याला तोंड लावणार नाहीत. नंतर नंतर तर ते त्या गाईंची काळजीही करायला लागले. पावसाळ्यात त्या काय खातील, म्हणून.

आणि एका दुपारी कडबा परत आला.

मुंबईहून ट्रक आले आणि गाठी प्रेसच्या अंगणात, स्टेशनाच्या रस्त्याला लागून, उतरवल्या गेल्या. तिकडच्या बंदरात लोखंडी पेटारा उघडला तेव्हा आतून वाफ निघाली म्हणे, खिचडीच्या पातेल्यासारखी. तिकडच्या गुरांच्या डॉक्टरने नाकाला रुमाल लावून दार पुन्हा बंद करायला सांगितलं. सोबत गव्हाच्या कोंड्याची पोती होती, तीही ओल लागून दगड झाली. माल तिकडे पुरायचा तर परत पाठवण्यापेक्षा जास्त खर्च येत होता. म्हणून तो परत आला.

भुसावळच्या गाडीची वाट बघणारे लोक कुंपणापाशी उभे राहून गाठींवरची नावं वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवलं. बाकीच्यांच्या गाठी कडेने पिवळ्या-तांबूस झाल्या होत्या. नानांच्या काळ्या पडल्या होत्या, मधूनच पांढरी बुरशी, आणि दोन-तीन गाठी फुगून तारा तुटल्या होत्या.

नाना निरोप मिळताच पायी निघाले. वना मागून गेला. ऊन असं होतं की डांबरावर चपलेचा ठसा उमटत होता. कुंपणापाशी निंबा आधीच पोचलेला. तो गर्दीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "नाना, तुमना कडबा दुबई देखी ऊना. आम्ही आजून मुंबई बी देखी नही."

लोक हसले. नानांनी वाकून गाठीतून एक ताट ओढायचा प्रयत्न केला. ते हातातच मोडलं, आत मऊ, काळं. त्यातून धूर निघावा तशी बुरशी उडाली आणि नानांना खोकला सुटला. खोकता खोकता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गर्दीतल्या एका बाईने हळहळून सांगितलं की म्हातारा रडतोय. नानांना सांगायचं होतं की आपण रडत नाही, खोकतो आहोत. पण खोकल्यामुळे सांगता येईना.

अंगण मोकळं करायला शेठनी ज्याला त्याला आपापल्या गाठी न्यायला सांगितलं. ज्या रस्त्याने कडबा थाटात गेला होता त्याच रस्त्याने तो परत आला. वना गाडीच्या पुढे चालला, नाना गाडीच्या मागे, म्हणजे लोकांना वाटावं ही गाडी दुसऱ्याची आहे. गावात शिरताना पोरं नाक दाबून पळाली. खळ्यात एक गाठ सोडून नानांनी बैलापुढे थोडा कडबा टाकला. बैलाने वास घेतला, फुरफुरला आणि नानांकडे पाहिलं. मग मान दुसरीकडे वळवून घेतली. नाना म्हणाले की बैलाचं पोट भरलेलं असेल.

त्या दिवसापासून कडब्याचा विषय घरात निघेनासा झाला. नानांना वाटायचं, आपल्या एका हांड्याने हे झालं, आणि हे घरात कोणाला कळलं तर आपण तोंड दाखवायचं कसं. द्रौपदाबाईंना वाटायचं, बिचारा माणूस माझ्या पापामुळे खाली मान घालून फिरतो. वनाला वाटायचं, बापाच्या नावाला आपण काळं फासलं. तिघं एकमेकांशी भलत्याच प्रेमाने वागू लागले. द्रौपदाबाई नवऱ्याच्या भाकरीवर लोणी जास्त घालू लागल्या. वना न सांगता शेतात जाऊ लागला. नानांनी बायकोला बाजारातून बांगड्या आणल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच. मंदाबाई हे सगळं बघत पाणी भरत होती.

नासका कडबा उकिरड्यावर नेऊन टाकायचं काम तिच्याच वाट्याला आलं. ती तोंडाला पदर बांधून काळ्या गाठी फोडायची, पाटीत भरायची, डोक्यावर घेऊन गावाबाहेर जायची. तिच्या मानेवर काळे ओघळ उतरायचे. झिऱ्यावर बायका तिला बाजूला बसायला सांगायच्या, अंगाचा वास येतो म्हणून.

मग मुंबईच्या कंपनीचा साहेब आला. वर्गीस नावाचा, केरळकडचा, जाड भिंगाचा चष्मा, जीपमध्ये मागच्या बाजूला नमुन्याच्या पिशव्या. शेठ बरोबर होते. नानांच्या खळ्यात घोंगडी टाकली, गाव जमलं. साहेब हिंदीत बोलत होता आणि शेठ मराठी करून सांगत होते. बोलणं थोडक्यात असं होतं की तिकडच्या गोठेवाल्याला दादर आवडलेली आहे, पुढच्या वर्षीही हवी आहे. पण हे कसं झालं ते त्याला कळलं पाहिजे. एखाद्या घरची चूक असेल तर ते घर वगळून बाकी गावाचा माल घेऊ. चूक कळलीच नाही, तर मात्र नरडाण्याकडून काडीसुद्धा कधी घेणार नाही.

गाव नानांकडे बघू लागलं. हमी नानांनी दिली होती. शिवाय आपण नानांकडे बघत असलो की आपल्याकडे कोणी बघत नाही, हे प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं. त्या खळ्यात बसलेल्यांपैकी आपल्या गाडीवर पाणी न मारलेला माणूस शोधूनही सापडला नसता.

नाना उठले. घसा साफ केला. "साहेब, समुद्रनं पानी लागनं व्हई."

हे गावाला इतकं पटलं की माना हलल्या. समुद्र एवढा मोठा, तो घेईल थोडा अपराध अंगावर. शेठनीही उत्साहाने सांगितलं की जहाजात पाणी शिरतं कधी कधी.

साहेबाने एका फुटक्या गाठीतून काडी काढली, चष्मा वर केला आणि ती काडी जिभेला लावली. बायकांनी तोंडं फिरवली. साहेब चवीने चघळत राहिला, काडी पुन्हा एकदा चाटून म्हणाला, "नमक नहीं है."

समुद्र सुटला. आता कोण, असा प्रश्न उरला. नाना उभेच होते. बसावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. त्यांची नजर खळ्यात फिरली, निंबावरून, शेठवरून, आणि ओट्याच्या कोपऱ्यात पदर ओढून उभ्या असलेल्या सुनेवर थांबली. पुढे जे घडलं ते नानांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि त्यांच्या हाताला घरातलं सगळ्यांत गरीब माणूस लागलं.

ते म्हणाले, "सून नवी शे, साहेब. सकायले आंगनमा सडा टाकस. तिना हातथी उडनं व्हई गाडीवर."

शेठनी भाषांतर केलं. साहेबाने मान वर करून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. सगळं गाव तिकडे पाहू लागलं, आणि लोकांना बरं वाटलं. सून बाहेरची होती, पिंपळनेरकडची.

साहेबाने हिंदीत, पण मऊ आवाजात, तिला विचारलं की तुझ्या हातून झालं का.

मंदाबाई सातवीपर्यंत शिकली होती. तिला हिंदी कळली. सासऱ्यासमोर आणि परक्या पुरुषासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती, त्यामुळे आवाज कुठून काढायचा हेच तिला आधी सापडेना. मग तो निघाला, बारीक पण ऐकू येईल असा.

"पानी मी भरं," ती म्हणाली. "टाकं कोनी, ते त्यास्लेच इचारा."

वनाने मान खाली घातली. आणि ओट्यावरून द्रौपदाबाई खाली उतरल्या. नवऱ्याची फजिती त्यांच्याने पाहवेना. पदर खोचून त्या साहेबासमोर उभ्या राहिल्या.

"मी टाकं," त्या म्हणाल्या. "एक हांडा. यास्ले काही मालूम नही, साहेब. त्या साधा मानूस शेतस."

वना झटकन उठला. "माय, तू बी?"

"तू बी म्हंजे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

वनाने सांगितलं. मान वर न करता सांगितलं, बापाच्या हमीखातर, पहाटे, एक हांडा. आईने कपाळाला हात लावला. मग दोघांनी एकदमच नानांकडे पाहिलं, अशा नजरेने की आपल्या दोघांच्या पापात हा देवमाणूस कसा सापडला. द्रौपदाबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी नवऱ्याचे पाय धरायला हात पुढे केला.

त्या क्षणी नानांना गप्प राहता आलं असतं. बायको आणि मुलगा दोघांनी सगळं अंगावर घेतलं होतं. गावात त्यांचं नाव राहिलं असतं, उलट वाढलं असतं. ते बायकोकडे बघत नव्हते, सुनेकडे बघत होते. तिने एव्हाना मान खाली घातली होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

नाना पाय मागे घेत म्हणाले, "पयला हांडा मना."

द्रौपदाबाईंचा हात तसाच हवेत राहिला.

शेठना भाषांतर करावं की नाही ते कळेना. साहेबाला भाषांतर लागलं नाही. त्याने बोटांवर हांडे मोजले, काळ्या गाठींकडे पाहिलं, आणि त्याच्या ओठांची कड हलली. मग पुन्हा गंभीर होऊन त्याने गावाला विचारलं की अजून कोणी असं केलं आहे का.

निंबा उभा राहिला. त्याने उपरणं झटकलं. "आम्हना गावमा आसं नही चालस, साहेब," तो म्हणाला, आणि बसला.

बाकीच्यांनी नाराजीने नानांकडे पाहून मान हलवली. नानांनी निंबाकडे पाहिलं. कडबा नरडाण्याला निघाला त्या सकाळी निंबाच्या गाडीखाली चिखल झाला होता, तो नानांनी डोळ्यांनी पाहिला होता. एक शब्द पुरला असता. पण तो काढला तर पुढच्या वर्षी कोणाचीच गाडी गेली नसती. आणि तोंड त्या दिवसापुरतं पुष्कळ उघडून झालं होतं. शेठ दुसरीकडे बघत होते. ओल्या कडब्यात कोपरापर्यंत गेलेला हात त्यांनी खिशात घातला होता.

साहेबाने निकाल दिला. हे एक घर वगळायचं. बाकी गावाचा माल पुढच्या वर्षी घ्यायचा, पण वाळवून, आणि पुन्हा शेकड्यावर, वजनावर नाही. गावाने साहेबाला बोरकुंडीचा सच्चेपणा दिसला म्हणून नारळ दिला. निंबाने तो दिला. कोणीतरी नानांच्या घोंगडीवरून उठताना धोतर झटकलं, सवयीने, पण नानांना ते दिसलं.

गर्दी जीपकडे सरकली. नाना खळ्यात उभे होते. मंदाबाई रिकामा हांडा घेऊन झिऱ्याकडे निघाली होती, ती त्यांच्या समोरून गेली. नानांनी काहीतरी बोलायला हात वर केला. सुनेशी बोलायचं तर चाकाकडे बघून बोलायचं, पण चाक कुठे दिसेना. तीही थांबली, पाठमोरी, क्षणभर. मग हांडा डोक्यावर घेतला आणि गेली. नानांनी वर केलेल्या हाताने टोपी सारखी केली.

ओट्यावर द्रौपदाबाई आणि वना एकमेकांकडे पाठ करून बसले होते. घरात जायचं तर त्या दोघांच्या मधून जावं लागणार होतं. रस्त्यावर जायचं तर गाव उभं होतं. नाना थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग ते चालू लागले, रस्त्याच्या बाजूला, जीपकडे. लोकांनी वाट सोडली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा साहेबाचे पाय धरणार. शेठ घाबरून पुढे झाले. साहेबाने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि काच खाली केली. निंबासुद्धा ऐकायला जवळ आला.

नानांनी हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मग वाकून, काचेत तोंड घालून, शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं:

"साहेब, धुळं जाई ऱ्हायनात ना? सोनगीरलगून माले मांगे बसाडी ल्या. आंडेरना घर शे तठे."